आधी काम, मग मंजुरी : फुटपाथच्या टेंडरमधल्या फेरफारांचं काय करायचं?

महापालिकेच्या स्थायी समितीची कार्यपत्रिका कधी वाचलीय का? बहुतेकांनी नसेलच वाचली, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही, ती भाषाच अशी असते की दुसऱ्या ओळीला डोळे मिटायला लागतात. पण नेटाने चार-पाच वाचल्या की एक विषय सारखा भेटायला लागतो. "अमुक प्रभागात अमुक रस्त्यालगत पदपथ विकसित करणे या कामी वाढीव परिमाणे व अतिरिक्त बाबींमुळे होणाऱ्या जादा खर्चास कार्योत्तर मान्यता मिळणेबाबत." खाली एक छोटा तक्ता, मूळ रक्कम, सुधारित रक्कम, फरक. सूचक हे, अनुमोदक ते, विषय एकमताने मंजूर. झालं. चहा यायच्या आत असे सात-आठ विषय उडतात.

आता यावर लोकांच्या दोनच प्रतिक्रिया असतात. एक म्हणजे "खाल्ले पैसे, टेंडर स्वस्तात घेतलं आणि मागून वाढवलं", आणि दुसरी म्हणजे "अहो कामं होतायत ना, कशाला प्रत्येक गोष्टीत खोडा घालताय". मला दोन्ही पटत नाहीत. माझं म्हणणं सरळ आहे, फुटपाथच्या कामात फेरफार होणारच आणि ते मंजूर करायलाच पाहिजेत, अडवून काही फायदा नाही. पण ते मंजूर करायचे काम व्हायच्या आधी, आणि त्यात काय वाढलं याच्याबरोबर काय कमी केलं हे पण लिहायचं. सगळा लोच्या त्या "कार्योत्तर" शब्दात आहे. काम झालेलं असतं, ब्लॉक बसलेले असतात, लोक त्यावरून चालतायत, कोणीतरी त्यावर वडापावची गाडी पण लावलीय, आणि मग समितीला विचारलं जातं की हे करू का. नाही म्हणून करणार काय? उखडून परत न्या म्हणणार?

फेरफार का होतात हे आधी बघू, कारण ते सगळे चोरीसाठीच होतात असं धरून बोललं की खरे चोर सुटतात. फुटपाथ हे वरून दिसायला अगदी सोपं काम. खणा, खडी-मुरूम टाका, दाबा, काँक्रीट करा, वर ब्लॉक लावा, कडेला कर्ब. पण आपल्या शहरांत फुटपाथच्या खाली अख्खं एक वेगळं शहर आहे. पाण्याची जुनी बिडाची लाईन, तिच्या शेजारी नवीन टाकलेली, ड्रेनेज, पावसाळी गटार, वीज कंपनीच्या केबल, तीन-चार टेलिकॉमवाल्यांचे फायबर, गॅसची पिवळी पाइप, आणि वर फीडर पिलर, म्हणजे विजेचे ते लोखंडी खोके, झाडांची मुळं, कोणाच्या तरी दुकानाची बेकायदा पायरी. यातलं निम्मं कुठल्याच नकाशावर नाही. आमच्या भागात काम चालू होतं तेव्हा तिथल्या ज्युनिअर इंजिनिअरला मी विचारलं होतं की दोन आठवडे इथंच का अडकलंय, तर तो पोरगा वैतागून म्हणाला, "काका, नकाशात लाईन सरळ दाखवलीय. जमिनीत ती सरळ नाहीये. आणि जिच्यावर आम्ही आत्ता आलोय ती कोणाचीये तेच कोणी सांगत नाहीये. पाणीपुरवठावाले म्हणतात आमची नाही, ड्रेनेजवाले म्हणतात आमची नाही." मग काय करणार? तिथं डक्ट वळवायला लागणार, एक चेंबर जास्त बांधायला लागणार, कुठे फुटपाथची लेव्हल चार इंच वर घ्यायला लागणार. हे एस्टिमेटमध्ये नव्हतं म्हणून करू नका असं कोण म्हणेल? आणि ते करायचं म्हणजे खर्च वाढणार, तो कोणीतरी मंजूर करायलाच पाहिजे.

पण हे "खाली काय आहे ते खोदल्यावरच कळतं" हे वाक्य आता फार सोयीचं झालंय. सगळं खोदल्यावरच कळतं असं नाही. टेंडर काढायच्या आधी ठरावीक अंतरावर ट्रायल पिट घ्या, हाताने खणलेले खड्डे, फार खर्च नाही. सगळ्या खात्यांच्या आणि कंपन्यांच्या माणसांना एकदा जागेवर उभं करा आणि ज्याची लाईन त्याच्याकडून त्या नकाशावर सही घ्या. बेंगळुरूत टेंडर श्युअर नावाच्या योजनेत रस्ते केले, रेसिडेन्सी रोड, सेंट मार्क्स रोड, विट्ठल मल्ल्या रोड वगैरे, तिथे मूळ कल्पनाच ही होती की फुटपाथ म्हणजे फक्त वरची फरशी नाही, खालच्या सगळ्या लाईनी नीट डक्टमध्ये घालायच्या म्हणजे परत परत खोदायला नको. त्या कामांवर टीका खूप झाली, वेळ फार गेला, रस्ते महिनोन्‌महिने उखडलेले होते, खर्चावरून पण वाद झाले, ते सगळं मान्य. पण निदान प्रश्न कुठे आहे ते त्यांनी बरोबर ओळखलं होतं. आपल्याकडे मात्र बरेचदा एस्टिमेट म्हणजे मागच्या वर्षीच्या शेजारच्या रस्त्याची फाईल उघडायची, लांबी-रुंदी बदलायची, चालू डीएसआरचे, म्हणजे सरकारी दरसूचीचे, दर टाकायचे की तयार. एवढ्या भांडवलावर टेंडर निघालं तर फेरफार येणार नाहीत तर काय येणार.

आता पैशाचं गणित, आणि इथे जरा सावकाश जायला पाहिजे कारण आपण नागरिक मंडळी इथेच चुकीच्या ठिकाणी ओरडतो. समजा एका फुटपाथचं एस्टिमेट १ कोटी आहे. हा आकडा मी उदाहरणासाठी घेतोय, कुठल्या खऱ्या कामाचा नाही. पहिला ठेकेदार २८ टक्के बिलो, म्हणजे एस्टिमेटपेक्षा खाली, गेला, म्हणजे ७२ लाखात करतो म्हणाला. दुसरा १९ टक्के बिलो, म्हणजे ८१ लाख. काम पहिल्याला. वर्षभराने बिल झालं ८८ लाख. लगेच बोंब, की बघा, दुसऱ्याला दिलं असतं तर ८१ मध्येच झालं असतं! नाही हो, झालं नसतं. वाढलेलं काम त्यालाही करायलाच लागलं असतं आणि त्याचे दर तर जास्तच होते. ती तुलनाच चुकीची आहे, आणि अशी तुलना घेऊन आपण समितीत गेलो की इंजिनिअर दोन मिनिटांत आपल्याला गप्प करतो.

खरं बघायचं ते हे की वाढलेले १६ लाख कशाचे आहेत. समजा त्यातले ६ लाख हे टेंडरमध्ये आधीच असलेल्या आयटमचे आहेत, म्हणजे ब्लॉक जास्त लागले, काँक्रीट जास्त लागलं. हे त्याने त्याच २८ टक्के बिलो दराने केलंय. यात फार काही काळंबेरं असायची शक्यता कमी, मोजमाप खरं असलं म्हणजे झालं. उरलेले १० लाख मात्र एक्स्ट्रा आयटमचे आहेत, म्हणजे जे टेंडरमध्ये नव्हतेच. वेगळ्या प्रकारचे बोलार्ड, म्हणजे गाड्या अडवायचे बुटके खांब, शोभेचे दिवे, ग्रॅनाइटचे बाक, अमुक फिनिशची फरशी. यातलं जे डीएसआरमध्ये नाही त्याचा दर कुठून येतो? मार्केटमधून, म्हणजे दोन-तीन कोटेशनं जोडून. आणि ही कोटेशनं बरेचदा कोण आणून देतो, तर ठेकेदारच. या १० लाखांना कसलीच स्पर्धा झाली नाही. टेंडर ७२ लाखांचं झालं, हे १० लाख टेंडरशिवाय गेले, बाहेरच्या दाराने. लग्नात ताटाचा दर एकदम कमी सांगणारा केटरर आईस्क्रीम, पान आणि मिनरल वॉटर "एक्स्ट्रा" मध्ये वसूल करतो ना, तसंच आहे हे.

आपल्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या टेंडर फॉर्ममध्ये याची सोय पूर्वीपासून आहे, ती लिहिणारे लोक काही भोळे नव्हते. क्लॉज ३८ सांगतो की एखाद्या आयटमचं परिमाण टेंडरपेक्षा २५ टक्क्यांपर्यंत वाढलं तर टेंडरचाच दर, त्याच्या पुढचं झालं तर चालू दरसूचीवरून दर काढायचा. एक्स्ट्रा आयटमचा वेगळा तक्ता करायचा, त्याला ईआयआरएल म्हणतात, आणि तो वरच्या अधिकाऱ्याकडून मंजूर करून घ्यायचा. महापालिका आपापल्या टेंडरमध्ये थोड्याफार फरकाने हेच वापरतात. म्हणजे नियम नाहीत असं नाहीच. फक्त त्या नियमाचा कागद कधी तयार होतो हा प्रश्न आहे. क्लॉज ३८ चं स्टेटमेंट आणि ईआयआरएल हे फायनल बिलाच्या वेळी बसून केले जातात, मोजमाप पुस्तकात शेवटी जे आकडे आले त्याला जुळतील असे. मग ती परवानगी राहत नाही, तो नुसता हिशेब जुळवणं होतो.

आणि कायदा काय म्हणतो ते पण बघा, कारण त्याबद्दल फार कमी लोक बोलतात. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९, कलम ७३. आयुक्तांनी करार कसे करायचे, ठरावीक रकमेच्या वरच्या कराराला स्थायी समितीची मान्यता लागते वगैरे त्यात आहे, आणि त्यातच असंही आहे की मूळ कराराला ज्या तरतुदी लागू त्याच करारातल्या फेरफाराला पण लागू. किती स्पष्ट आहे बघा. मूळ करार आधी काम करून मग कोणी मंजुरीला आणतं का? नाही ना. मग फेरफार कसा काय चालतो? "तातडीची बाब होती" हे कारण ठरलेलं. अहो, पाइपलाईन फुटली, रस्ता खचला, भिंत पडली तर तातडी समजू शकतो. ग्रॅनाइटच्या बाकाची कसली तातडी?

मधली काही वर्षं तर गंमतच होती. मुंबई, पुणे आणि बऱ्याच महापालिकांची मुदत २०२२ च्या मार्चमध्ये संपली, औरंगाबाद, नवी मुंबई, कोल्हापूर इथे तर २०२० मध्येच, आणि निवडणुका झाल्या थेट जानेवारी २०२६ ला. एवढा सगळा काळ प्रशासक. म्हणजे आयुक्त म्हणून साहेबांनी प्रस्ताव ठेवायचा आणि स्थायी समिती म्हणून साहेबांनीच तो मंजूर करायचा. वाईट माणूस होता असं म्हणत नाहीये, काही प्रशासकांनी उलट नगरसेवकांपेक्षा कडक काम केलं. पण प्रश्न विचारणारा आणि उत्तर देणारा एकच असला की फाईलवर प्रश्नच उरत नाही. आता स्थायी समिती परत आलीय, तर तिने निदान जुनी सवय परत आणू नये, ऐनवेळचा विषय म्हणून असले प्रस्ताव घुसवायची. ऐनवेळच्या विषयाची कागदपत्रं आधी कोणाला मिळतच नाहीत, वाचणार कधी आणि विचारणार काय.

बरं, इथपर्यंत वाढलेल्या खर्चाचं झालं. पण मला खरी भीती वाटते ती वेगळ्याच फेरफारांची, ज्यात खर्च वाढतच नाही. म्हणजे एकूण रक्कम तीच, किंवा दीड-दोन टक्के इकडेतिकडे. असा प्रस्ताव आला की सगळे खूश, बघा, बजेटमध्ये बसवलं. कोणी उघडून बघत नाही. आणि उघडून बघितलं तर आत काय असतं? आमच्याकडे एका फुटपाथचं झालं ते सांगतो, मी माहिती अधिकारात मूळ बीओक्यू, म्हणजे टेंडरमधली बाबी आणि परिमाणांची यादी, आणि शेवटचं बिल दोन्ही काढून शेजारी शेजारी ठेवलं होतं. एकूण रक्कम जवळपास तेवढीच. पण अंधांसाठी जी उंचवट्याची पिवळी टाइल लावतात ती अर्ध्याहून कमी झालेली. प्रत्येक गेटपाशी आणि कोपऱ्यावर रॅम्प होता, तो फक्त कोपऱ्यावर उरला. झाडांभोवतीचे आळे आणि त्यावरच्या जाळ्या जवळपास गायब. पावसाळी पाण्याचे इनलेट कमी. आणि त्याच्या बदल्यात काय वाढलं? ब्लॉक आणि कर्ब. जे बसवायला सोपं, ज्याचा माल ठेकेदाराकडे पडलेला, ज्यात मजूर भराभर पुढे सरकतो आणि मोजायला पण सोपं, ते वाढलं. जे किचकट, जे बसवायला वेळ लागतो, ज्यासाठी कारागीर चांगला लागतो, ते कमी.

आता त्या फुटपाथवर प्रत्यक्ष काय झालंय ते बघा. पिवळी टाइल सरळ जाते आणि थेट फीडर पिलरला जाऊन भिडते, तिथून पुढे नाहीच. कर्बची उंची काही ठिकाणी नऊ-दहा इंच, म्हातारी माणसं चढताना शेजारच्या गाडीच्या बॉनेटचा आधार घेतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या गाईडलाईनमध्ये कर्ब १५० मिलिमीटरपेक्षा उंच नको म्हटलंय, म्हणजे सहा इंच. चालायला मोकळी रुंदी किमान १.८ मीटर पाहिजे म्हटलंय, म्हणजे दोन व्हीलचेअर एकमेकींना ओलांडून जाऊ शकतील एवढी. मूळ टेंडरमध्ये हे सगळं होतं, ड्रॉइंग पण चांगलं होतं! कोणीतरी अभ्यास करून बनवलेलं. ते टेंडर पास झालं तेव्हा नगरसेवकापासून सगळ्यांनी फोटो काढले. आणि मग बांधता बांधता त्यातला फुटपाथ काढून घेतला आणि फक्त फरशी उरली. आणि हे सगळं कागदोपत्री एकदम चोख, प्रत्येक फेरफार मंजूर, एक रुपयाची पण जादा उधळपट्टी नाही. ऑडिटरला यात काही सापडणार नाही कारण तो रक्कम बघतो.

हे नुसतं सौंदर्याचं भांडण नाहीये. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाचे आकडे आहेत, २०२२ मध्ये देशात रस्त्यावर पायी चालणारे ३२,८२५ लोक मेले, २०२३ मध्ये ३५,२२१. यातले सगळे फुटपाथ नव्हता म्हणूनच मेले असं नाही, पण माणूस रस्त्यावर का चालतो याचं उत्तर आपल्याला माहितीये, फुटपाथवर चालता येत नाही म्हणून चालतो. सुप्रीम कोर्टाने १४ मे २०२५ ला सांगितलं की चालण्याजोगा, अडथळे नसलेला फुटपाथ हा राज्यघटनेच्या कलम २१ खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, आणि तो अपंग व्यक्तींनाही वापरता आला पाहिजे. मग रॅम्प कमी करून ब्लॉक वाढवणं हा "परिमाणात किरकोळ बदल" कसा काय होतो? रकमेने किरकोळ असेल. व्हीलचेअरवाल्यासाठी तो अख्खा फुटपाथच रद्द झाल्यासारखा आहे.

म्हणून माझं म्हणणं असं की फेरफाराच्या प्रस्तावात कमी झालेल्या बाबी वर लिहा, पहिल्या पानावर, वाढलेल्याच्या आधी. आणि ज्या बाबी चालणाऱ्याच्या सुरक्षिततेच्या आहेत, रॅम्प, टॅक्टाइल म्हणजे ती पिवळी टाइल, मोकळी रुंदी, कर्बची उंची, पाण्याचा निचरा, त्या कमी करायच्या असतील तर रक्कम एक रुपया असो की शून्य, तो विषय समितीपुढे कारणासकट यायलाच पाहिजे. पुण्याने २०१६ मध्ये पादचारी धोरण मंजूर केलं, त्या काळात रस्त्यांच्या डिझाइनच्या गाईडलाईन्स पण आल्या, जंगली महाराज रस्त्यावर खरोखर रुंद, चालावंसं वाटेल असा फुटपाथ झाला. म्हणजे येत नाही असं नाही. धोरण असतं, ड्रॉइंग असतं, फक्त काम चालू असताना त्याला धरून ठेवणारं कोणी नसतं.

आता ठेकेदाराची बाजू. ऐकून घ्यायला पाहिजे, कारण तो सगळ्यांचा आवडता खलनायक आहे. त्याला तोंडी सांगणारे दहा जण. माननीय, म्हणजे नगरसेवक, येऊन म्हणतात, "जरा त्या गल्लीत पण टाका चार ब्रास ब्लॉक, आमचे लोक म्हणतायत." डेप्युटी इंजिनिअर म्हणतो, "करा हो, बघू नंतर." शेजारच्या सोसायटीचे चेअरमन म्हणतात आमच्या गेटपुढे उतार द्या, दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी म्हणतात उतार काढा, पाणी आत येतं. हे सगळं तो करतो, कारण नाही केलं तर त्याचं काम बंद पाडतील. आणि मग बिलाच्या वेळी इंजिनिअर म्हणतो की याला लेखी आदेश कुठेय? बिलं वर्ष-वर्ष अडकतात, २०२५ मध्ये राज्यभर ठेकेदारांनी थकीत बिलांसाठी आंदोलनं केली ती काही उगाच नाही. मग तो पण शहाणा होतो, जे अडकणार ते दुसरीकडून भरून काढायला शिकतो, थर एक इंच कमी, सिमेंट थोडं हलकं. कार्योत्तर मंजुरीची सवय प्रामाणिक ठेकेदारालाच आधी मारते, कारण काम करून पैसे मिळतील की नाही या जुगारात ज्याची वरपर्यंत ओळख आहे तोच टिकतो. ज्याची नाही तो पुढच्या वेळी टेंडरच भरत नाही, आणि मग तीच तीच दोन-तीन नावं दिसायला लागतात.

एक उपाय लगेच सुचवला जातो, थर्ड पार्टी ऑडिट. ठीक आहे, करा. पण २०१६ चा मुंबईतला रस्ते घोटाळा आठवतोय का? ३४ रस्त्यांची चौकशी झाली, खडी-डांबराच्या थरांपासून डेब्रिजच्या वाहतुकीपर्यंत गडबड निघाली, आणि पोलिसांनी अटक केली त्यात थर्ड पार्टी ऑडिटरची माणसंच होती. ज्याला तपासायला नेमलं तोच. त्यामुळे आणखी एक सही वाढवून काही होत नाही. सह्या आधीच भरपूर आहेत, एका बिलावर सात-आठ असतात. सही उशिरा होते आणि बंद खोलीत होते, हा प्रश्न आहे.

आणि वर जाऊन बघायचं तर राज्याला या सवयीची किंमत चांगली माहितीये. गोसीखुर्द धरणाला १९८३ च्या सुमाराला मंजुरी मिळाली तेव्हा किंमत ३७२ कोटी होती, सुप्रमा, म्हणजे सुधारित प्रशासकीय मान्यता, घेत घेत ती १८ हजार कोटींच्या वर गेली. फुटपाथचं प्रकरण त्याच्यापुढे चिल्लर आहे हे कबूल. पण शहरात अशी चिल्लर कामं शेकड्याने चालू असतात आणि प्रत्येकाची फाईल त्याच वळणाने जाते.

मग करायचं काय? मला वाटतं साइटवरच्या इंजिनिअरला थोडा जास्त अधिकार द्यावा, कमी नाही. हे ऐकून काही मित्र दचकतात. पण बघा, चेंबर वळवायचंय, लाईन आडवी आलीय, यासाठी जर फाईल चार टेबलांवर फिरणार असेल तर तो पोरगा तोंडी "करा" म्हणणारच, आणि तिथूनच कार्योत्तरचा जन्म होतो. त्याऐवजी कराराच्या रकमेच्या एका लहान टक्क्यापर्यंत, पाच म्हणा, कार्यकारी अभियंत्याने जागेवर लेखी आदेश द्यायचा, फोटो आणि मापासकट, आणि तो त्याच आठवड्यात महापालिकेच्या वेबसाइटवर टाकायचा. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ प्रमाणे अशी माहिती मागायच्या आधी स्वतःहून जाहीर करायचीच आहे, नवीन कायदा नको. साइटवर तो निळा बोर्ड असतो ना, कामाचं नाव, रक्कम, ठेकेदार, त्यावर दोन ओळी वाढवा, आजपर्यंतचे फेरफार आणि कमी केलेल्या बाबी. पाच टक्क्यांच्या वरचं असेल तर स्थायी समिती, पण कामाच्या आधी. आणि एक्स्ट्रा आयटम जर मोठा असेल, बाक, दिवे, कारंजी असल्या हौशी, तर त्याचं वेगळं छोटं टेंडर. या ठेकेदाराला तो द्यायचं कारणच नाही.

यावर हमखास येणारा आक्षेप म्हणजे काम लांबेल, पावसाळा तोंडावर आहे, खोदलेलं उघडं राहील. आक्षेप खरा आहे, खोदून ठेवलेल्या फुटपाथवरून रोज चालणाऱ्याला तत्त्वज्ञान नको असतं. पण स्थायी समिती दर आठवड्याला भरते, किंवा भरायला पाहिजे. फाईल खात्यातून समितीपर्यंत यायला वेळ लागतो तो समितीमुळे नाही, तो खालच्या टेबलांमुळे, आणि त्या टेबलांना घाई नसते कारण काम तर आधीच होऊन गेलेलं असतं! ज्या दिवशी कळेल की मंजुरीशिवाय केलेल्या हौशी एक्स्ट्रा आयटमचं बिल मागितलेल्या दराने निघणारच नाही, त्या दिवसापासून ती फाईल पळायला लागेल, कारण ठेकेदार स्वतः रोज जाऊन ती पुढे ढकलेल.

सुरुवातीच्या एक-दोन बिलांना खरोखर नाही म्हणावं लागेल, आणि तेव्हा फार ओरडा होईल. समितीतल्या लोकांना फोन येतील, पक्षातून येतील, "आपलाच माणूस आहे" येईल. आणि तो ठेकेदार कदाचित कोर्टात पण जाईल, की काम तर तुमच्याच माणसाने करून घेतलं, फुकट कसं ठेवता. त्याचं तेही म्हणणं सोडून देण्यासारखं नाही, कराराच्या कायद्यात दुसऱ्याने फुकट म्हणून न केलेल्या कामाचा फायदा घेतला तर मोबदला द्यावा लागतो अशी सोय आहे. म्हणून नाही म्हणताना पैसे बुडवायचे नाहीत, द्यायचे ते योग्य दराने द्यायचे, पण लेखी आदेशाशिवाय "करा हो, बघू नंतर" कोण म्हणालं त्याचं नाव ठरावात लिहायचं, अधिकारी असो की माननीय. माझा अंदाज आहे की हे नाव लिहायच्या अटीवरच सगळ्यात जास्त विरोध होईल, रकमेवर नाही.